चिखलातले धातू : पेण-रोह्याची भातशेती आणि 'विषारी' या शब्दाचा अर्थ



आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस चिखल आणि धातू यांच्यात कशाला शिरतोय? सांगतो. 'अमुक वस्तू विषारी आहे' असं आपण सहज म्हणतो. जणू विषारीपणा हा त्या वस्तूचा रंग किंवा वजन असावं, तसा तिच्यातच भरलेला आहे. हे वाक्य भाताच्या खाचरात नेऊन तपासलं तर ते टिकत नाही. आणि ते का टिकत नाही हे कळलं, तर शेतकऱ्याचा, मासे खाणाऱ्याचा आणि ग्रामपंचायतीचा एक निर्णय बदलू शकतो. म्हणून हा विषय.

निर्णय कुठला? समजा, गावातल्या विसर्जनाच्या तलावातला गाळ काढलाय. काठावर ढीग पडलाय. काळा, मऊ, लोण्यासारखा. महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. धरणातला गाळ शेतात टाकायचा, हे चांगलं काम आहे, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. मग एक जण म्हणतो, हाही टाकूया शेतात. दुसरा म्हणतो, नको, यात रंगातलं शिसं नि कॅडमियम असेल. पहिला विचारतो, अहो, याच तलावात मासे जिवंत आहेत, कमळं फुलतात, पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय, मग विष कुठंय? आता यात बरोबर कोण? दोघंही आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि तरी गाळ शेतात टाकायचा की नाही याचं उत्तर एकच आहे. तिथपर्यंत आपल्याला पायरीपायरीने जायचंय.

जागा समजून घेऊ

रायगड जिल्ह्यातले दोन तालुके घेऊ, पेण आणि रोहा.

पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी. तिच्या काठची दादर, रावे, जोहे, हमरापूर या भागातली बरीच जमीन खारजमीन आहे. समुद्राचं पाणी बांध घालून बाहेर ठेवायचं, पावसाचं पाणी आत साठवायचं, जास्त झालेलं उघाडीतून ओहोटीला बाहेर सोडायचं, अशी ही शेती. ती इतकी महत्त्वाची, की तिच्यासाठी १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली स्वतंत्र कायदे झाले, आणि पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे. पेणची दुसरी ओळख म्हणजे गणपती. पेण शहर, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून लाखो मूर्ती राज्यभर आणि परदेशीही जातात.

रोह्याला कुंडलिका नदी. सह्याद्रीच्या माथ्यावरचं मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून (हे केंद्र १९२७ सालचं) खाली कुंडलिकेत उतरतं. त्यामुळे कोकणातल्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात आटतात, पण हिला बारमाही पाणी असतं. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथे मुख्यतः रासायनिक कारखाने. रोह्याच्या खालच्या अंगाला भरतीचं पाणी येऊन मिळतं आणि नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीत जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यात सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातले होते आणि कुंडलिकेचं नाव त्यात होतं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ही यादी बीओडीवर आधारलेली आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. यात धातू मोजले जात नाहीत. तरी बीओडीचा आणि धातूंचा संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

पाणी साचलं की काय होतं?

ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे चिखलणी करून खाचरात पाणी बांधलं, की मातीचा श्वास कोंडला म्हणा ना. असेल तेवढा ऑक्सिजन जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात.

पण जिवाणू काही मरत नाहीत. आपल्याला जसा ऑक्सिजन लागतो, तसं त्यांना इलेक्ट्रॉन टाकायला काहीतरी लागतं. ऑक्सिजन नाही, तर दुसरं काही. आणि याचा एक क्रम ठरलेला आहे. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. आणि तेही संपलं की शेवटी मिथेन वायू तयार होतो. जिना उतरावा तशा या पायऱ्या. शाळेत आपण ऑक्सिडीकरण आणि क्षपण शिकलो होतो, तेच हे.

शेतकऱ्याला या पायऱ्या नाक-डोळ्यांनी ओळखता येतात. लाल-तांबूस माती पाण्याखाली राखाडी, निळसर होते, तेव्हा ती लोहाच्या पायरीवर आलेली असते. बांधाच्या कडेला पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो. लोकांना वाटतं तेल सांडलंय. काडीने हलवून बघा. तवंगाचे काचेसारखे तुकडे पडले तर तो लोहाचा, आणि परत एकत्र येऊन मिळाला तर तेलाचा. चिखलात पाय घातला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, की समजावं सल्फेटची पायरी आली.

आता धातूंचं बघू. कोरड्या मातीत लोहाचा जो गंज असतो, त्याला आपण स्पंज समजू. कॅडमियम, आर्सेनिक, शिसं असे कितीतरी पाहुणे त्याला चिकटून बसलेले असतात. पाणी साचून लोहाची पायरी आली, की तो गंजच विरघळतो आणि पाहुणे मोकळे होतात. पण थोडं आणखी खाली गेलं, सल्फेटची पायरी आली, की सल्फाइड तयार होतं. ते कॅडमियम, शिसं, पारा यांना घट्ट धरतं आणि काळा, न विरघळणारा साका करून ठेवतं. चिखल काळा दिसतो तो मुख्यतः लोहाच्या अशाच सल्फाइडमुळे. म्हणजे त्याच शेतात, त्याच हंगामात, तोच धातू एका आठवड्यात मोकळा असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत कैद होतो.

घाणीने भरलेलं पाणी, म्हणजे जास्त बीओडीचं पाणी, जिवाणूंना भरपूर खाद्य देतं. मग जिन्यावरून खाली उतरणं झपाट्याने होतं. बीओडीचा धातूंशी संबंध आहे म्हटलं तो हाच.

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा

कॅडमियम पाण्याखाली कैदेत असतो. पाणी सोडलं, माती तडकली, हवा आत गेली, की सल्फाइड मोडतं आणि तो सुटतो. भाताची मुळं त्याला चटकन उचलतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात हेच झालं. वरच्या अंगाला कामिओका इथे जस्ताची खाण. तिथला कॅडमियम नदीतून भातखाचरांत आला. हाडं ठिसूळ होऊन असह्य वेदना होणारा रोग पसरला, विशेषतः वयस्क बायकांमध्ये. 'इताई-इताई' म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', हे त्याचं नाव पडलं. १९६८ साली तिथल्या सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. शेतं दुरुस्त करायला पुढे तीन दशकांहून जास्त काळ लागला. मूत्रपिंडात गेलेल्या कॅडमियमपैकी निम्मा बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात, तेव्हा तांदळातली मर्यादा इतकी कमी का ठेवतात ते समजून घ्या. आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे सडलेल्या तांदळात किलोमागे ०.४ मिलिग्रॅम, बस.

आर्सेनिकचं बरोबर उलट. तो कोरड्यात बांधलेला आणि पाण्याखाली मोकळा. वर पाण्याखाली त्याचं रूपही बदलतं, आणि ते रूप जास्त हलणारं असतं. त्यामुळे पाणी सोडलं तर आर्सेनिक कमी आणि कॅडमियम जास्त. पाणी ठेवलं तर कॅडमियम कमी आणि आर्सेनिक जास्त. कॅडमियमवरचा उपाय म्हणून पाणी कायम ठेवावं, तर आर्सेनिक तिथे उभा. इकडे आड, तिकडे विहीर.

क्रोमियमला मात्र चिखल मानवतो, म्हणजे आपल्याला मानवतो. षट्संयुजी क्रोमियम विषारी आणि सहज वाहणारा; पाण्याखालचं लोह त्याला त्रिसंयुजी करतं, तो जवळजवळ हलतच नाही आणि त्रासही फार कमी देतो. शिसं ओल्यात काय, कोरड्यात काय, जागा सोडत नाही. त्याचा धोका पिकातून कमी. वाळलेल्या गाळाची धूळ उडते, लहान मुलं मातीत खेळून तेच हात तोंडात घालतात, त्यातून जास्त.

पारा सगळ्यांत फसवा. सल्फेटच्या पायरीवरचे काही जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप शरीरात साठतं, लहान माशातून मोठ्यात, मोठ्यातून माणसात वाढत वाढत जातं. १९५६ साली जपानमधल्या मिनामाता इथे जो आजार उघडकीला आला, तो याच मिथाइल पाऱ्याचा. तिथे तो कारखान्यातूनच तयार होऊन समुद्रात गेला होता. पण खाडीचा चिखल स्वतःही हे काम करू शकतो. आता जिताडा हा शिकार करून जगणारा मासा आहे, हे आगरी-कोळी मंडळींना मी सांगायला नको. धातू तपासायचेच, तर पाण्याबरोबर असे मासे तपासायला हवेत, ते एवढ्यासाठी.

खारेपाटाची खास अडचण

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. गोड्या पाण्याच्या खाचरात सल्फाइड फार होत नाही, पण खारजमिनीत त्याचा कच्चा माल भरतीबरोबरच येतो. म्हणून खाडीकाठचा चिखल धातूंचं मोठं कोठार बनू शकतो. त्यात, जिथे गोडं पाणी खाऱ्याला मिळतं, तिथे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि आपल्याबरोबर धातूही खाली नेतात. वरून आलेलं बरंच काही खाडीच्या तोंडाशीच थांबतं, ते असं.

मिठात क्लोराइडही असतं. ते कॅडमियमबरोबर विरघळणारी जोडी करतं. म्हणजे बांधाला खांड पडून खारं पाणी शेतात शिरलं, आणि नंतर ते शेत वाळलं, तर मातीत आधीपासून असलेला कॅडमियम पिकाला जास्त सहज मिळतो. नवा कण एकही आला नाही. फक्त मीठ आलं आणि पाणी गेलं. खांड वेळेवर बांधणं हे आपण पीक वाचवण्यासाठी करतो. धातूंच्या दृष्टीनेही ते तितकंच गरजेचं आहे.

मूर्ती आणि तलाव

आता पेणच्या गणपतीकडे येऊ. शाडू ही माती. ती पाण्यात विरघळून गाळ होते. प्लास्टर ऑफ पॅरिस हे कॅल्शियम सल्फेट. पाण्यात त्याचं जिप्सम होतं, आणि ते लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमपर्यंत विरघळतं. बंद तलावात हे सल्फेट तळाच्या चिखलातल्या जिवाणूंना मिळतं. निर्माल्य कुजतंय, ते त्यांचं खाद्य. म्हणजे गोड्या पाण्याच्या तलावात आपण हातानेच खाडीचा तळ तयार करतो. रंगांत शिसं, कॅडमियम, पारा असेल तर सल्फाइड त्यांना तळाशी धरून ठेवतं. शेंदूर हा शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा. या धातूंचे रंग आपल्याकडे काही आज आले नाहीत. पण एका तलावात, दरवर्षी, शेकड्यांनी मूर्ती, हे प्रमाण नवं आहे. केंद्रीय मंडळाने २०२० च्या सुधारित सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसला आणि विषारी रंगांना मनाई केली, तिच्यामागे हे रसायन आहे.

आता सुरुवातीचा वाद सोडवता येईल. वरचं पाणी स्वच्छ, मासे जिवंत, रिपोर्ट चांगला, हे सगळं खरं. कारण धातू तळाशी कैदेत आहेत. गाळ बाहेर काढून शेतात पसरला, उन्हाने वाळला, की कैदखाना मोडतो. शिवाय सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होताना आम्ल तयार होतं आणि ते धातूंना आणखी मोकळं करतं. तेव्हा विसर्जनाच्या तलावाचा किंवा कारखान्यांच्या खालच्या अंगाच्या नाल्या-खाडीचा गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकायचा नाही. डोंगराकडच्या धरणाचा गाळ वेगळा आणि हा वेगळा.

यात तत्त्वज्ञान कुठे आलं?

आपल्या न्यायपरंपरेत 'सहकारी कारण' नावाची कल्पना आहे. कणगीतलं बी अंकुरत नाही, शेतातलं अंकुरतं. बी तेच. मग फरक कशाने? माती, पाणी, ऊब यांच्या साथीने. बौद्धांनी यावर आक्षेप घेतला: एकदा अंकुरणारं आणि एकदा न अंकुरणारं बी 'तेच' कसं? हा वाद शतकानुशतकं चालला. त्यात आज पडत नाही. आपल्याला एवढंच घ्यायचंय, की कॅडमियमची अपाय करण्याची शक्ती त्याच्यात आहे, पण ती प्रत्यक्षात उतरायला हवा, आम्ल, मीठ आणि भाताचं मूळ हे सहकारी लागतात. आणि हे सहकारी बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात. पाणी कधी सोडायचं, खांड कधी बांधायची, गाळ कुठे टाकायचा, हे माणूस ठरवतो. म्हणून जबाबदारी फक्त धातू सोडणाऱ्यावर संपत नाही. त्याची ती आहेच, पहिली आणि मोठी. पण गाळ उचलणाऱ्याचीही आहे.

दुसरी कल्पना 'अनुपलब्धी'ची. एखादी गोष्ट दिसली नाही म्हणून ती नाही, असं कधी म्हणता येतं? भाट्ट मीमांसकांनी याला स्वतंत्र प्रमाण मानलं, पण अट घातली: ती असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. आता पावसाळ्यात वरवरचं पाणी बाटलीत भरून 'धातू आढळले नाहीत' असा रिपोर्ट आला, तर तो अंधारातला घडा आहे. धातू जिथे असतील तिथे, म्हणजे गाळात, शोधलेच नाहीत. आणि गाळाचा नमुना उघडा वाळवून प्रयोगशाळेत नेला, तर वाटेतच त्याचं रूप बदलतं. पाण्याखाली धातू किती मोकळा होता, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी नमुना हवाबंद न्यावा लागतो. तेव्हा रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी विचारा: नमुना पाण्याचा की गाळाचा? कुठल्या महिन्यातला? आणि मोजलंय ते एकूण धातूचं प्रमाण, की पिकाला मिळू शकणारं?

प्रश्नोत्तरांतून

*एका शेतकरी श्रोत्यांनी विचारलं : मग सर, आम्ही पाणी ठेवायचं की सोडायचं?*

आधी कुठला धातू आहे ते कळायला हवं. कॅडमियम असेल, तर जपानमध्ये भात निसवण्याच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी ठेवायला सांगतात. आपल्याकडे हळवं भात लवकर निसवतं, तेव्हा शेतात पाऊस असतो. गरव्या भाताचा दाणा भरताना ऑक्टोबर उजाडतो, पाऊस गेलेला असतो आणि शेत तडकतं. म्हणजे जिथे कॅडमियम सापडलाय तिथे वाणाची निवडसुद्धा महत्त्वाची ठरेल. कोकणची माती आंबट, तिला चुना दिला तरी कॅडमियमची उचल कमी होते. आर्सेनिक असेल, तर उलट, शेत अधूनमधून वाळू द्यावं लागतं. म्हणून तपासणीआधी उपाय नको. आणि भातानंतर त्याच ओलीवर काही लावणार असाल तर पालेभाज्या जास्त कॅडमियम उचलतात, हेही लक्षात ठेवा.

*दुसरा प्रश्न एका ताईंचा : मूर्तिकारांच्या पोटाचं काय?*

फार योग्य प्रश्न. पेणच्या कित्येक घरांची चूल मूर्तींवर चालते. पण बघा, रंगाचा डबा मूर्तिकार बनवत नाही, विकत घेतो. त्या डब्यात शिसं आहे की नाही हे त्याने कसं ओळखायचं? ती तपासणी रंग बनवणाऱ्याच्या पातळीवर व्हायला हवी. आणि रंगाची धूळ सगळ्यांत आधी मूर्तिकाराच्याच फुप्फुसात जाते, तेव्हा बिनविषारी रंग ही पहिल्यांदा त्याच्या हिताची गोष्ट आहे. राहिला कृत्रिम हौद. तो चांगला उपाय आहे, पण विसर्जनानंतर हौदातला गाळ कुठे जातो, हे प्रत्येक गावाने आपल्या पालिकेला, ग्रामपंचायतीला विचारावं. तो रात्रीत खाडीच्या काठावर ओतला गेला, तर हौदाचा उपयोग काय झाला?

आजच्यापुरतं इथे थांबू. पुढच्या गणपतीआधी आपल्या गावच्या तलावाच्या गाळाची एक तपासणी मागा. अर्ज साधा असतो आणि विचारायचे तीन प्रश्न आता तुमच्याकडे आहेत.